शुद्ध पाहिजे का

माझ्या शुद्धलेखनाची आणि वेड्यावाकड्या अक्षराची आधीच माफी मागते. मी चौथी शिकले, तेही माहेरी, तिकडे महाराष्ट्रात. लग्न होऊन इकडे मध्य प्रदेशात, बालाघाटला आले आणि मराठी लिहायचं कामच उरलं नाही. इथे रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं हिंदीत. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे, पण माफी मागून घेतली की हात जरा मोकळा होतो. मामाजी असते तर एवढ्यावरच रागावले असते. "माफी काहून मांगतं वो? चोरी केली का? तोंडातून निघते तसं लिही," म्हणाले असते.

मामाजी माझे सख्खे सासरे नव्हते. शेजारचे. भरवेलीच्या खाणीत नोकरी करून घरी बसलेले. पण गल्लीतल्या सगळ्या सुना त्यांना मामाजी आणि त्यांच्या बायकोला आत्याबाई म्हणायच्या. मी नवी नवरी असताना पहिल्यांदा नळावर गेले, तर तिथे एक मिशीवाला माणूस डोक्यावर दुपट्टा घेऊन म्हातारीच्या आवाजात बादलीशी भांडत होता. मी घागर तिथेच टाकून घरात पळाले. आत्याबाई मागोमाग आल्या, माझी घागर भरून घेऊन. "भेऊ नको," म्हणाल्या, "मामाजीच्या अंगात म्हातारी येते. मंडई झाली का उतरते."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. जत्राच ती. तिथे दंडार होते, म्हणजे गाणी, सोंगं आणि मध्ये मध्ये नाटक. बायांची कामंही पुरुषच करतात. मामाजी त्या दंडारी लिहायचे आणि प्रत्येकीत एक म्हातारी असायची, जी ते स्वतः करायचे. इकडच्या हट्टा, खैरलांजी या गावांत लोक त्यांना नावाने ओळखत नसत. "म्हातारी आली का?" असं विचारत.

ती म्हातारी म्हणजे आत्याबाईच होत्या. मामाजी ओळ लिहायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ती म्हणायचे. आत्याबाई हसल्या तर ओळ राहायची. नाही तर त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या, "बाई असी नाही बोलत जी. हे तुमच्या खानीतला मुकादम बोलून राह्यला." मग मामाजी विचारायचे, "मंग कसी बोलते?" आणि आत्याबाई बोलायच्या ते तसंच लिहून घ्यायचे. म्हातारीची सगळ्यात गाजलेली ओळ अशीच आली होती. सासरी जाणारी मुलगी कोपऱ्यात बसलेली असते आणि म्हातारी तिच्याजवळ जाऊन म्हणते, "काहून रडतं वो पोरी? मले सांग." एवढंच. पण मामाजी ते असं म्हणायचे की बायांच्या बाजूने हुंदके ऐकू यायचे.

आत्याबाई गेल्या. वर्षभर मामाजींनी काही लिहिलं नाही. मग एक दिवस माझ्या दारात उभे राहिले, दुपट्टा डोक्यावर, हातात कागद. "सूनबाई, आयक. बाई असी बोलते का, सांग." मी कुणासमोर हसणारी बाई नाही. तोंडाला पदर लावला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पदराकडे पाहिलं. "हालला," म्हणाले, "राहू दे." तेव्हापासून माझा पदर हलला की ओळ पास.

पण दंडारीतली पोरं आता हिंदी बोलणारी. सरावाला ती म्हणायची, "दादाजी, 'मले' के बदले 'मुझे' कर दो ना, जमता नहीं." मामाजी त्यांना शिव्या द्यायचे आणि चहा पाजायचे. एकदा म्हणाले, "मी मेलो का तिचं बोलनं बी गेलं. फोटो हाये तिचा, पन फोटो बोलते का?" तेव्हाच त्यांनी ठरवलं की सगळ्या दंडारींचं पुस्तक करायचं.

छापणारा म्हणाला, इतक्या प्रती घ्याव्या लागतील. त्या ठेवायला घरात जागा नव्हती आणि विकत घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. मग माझ्या मुलीला, पिंकीला, मोबाइलवर एक कंपनी सापडली. आपण फाईल द्यायची, कंपनी त्याचं ई-पुस्तक करते आणि इंटरनेटवरच्या सगळ्या दुकानांत पोचवते. कागद नाही, गठ्ठे नाहीत. नव्या पडद्यासाठी बाजूला ठेवलेले दंडारीचे पैसे मामाजींनी दंडारीतल्या सगळ्यांना विचारून त्यात घातले. जुना पडदा मी ठिगळ लावून दिला. मामाजी बोलत गेले आणि पिंकीने टाईप केलं. त्याचे कागद काढून त्यांनी मला पूर्ण वाचून दाखवले. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलणं झालं तेव्हा मी तिथेच तांदूळ निवडत होते. तो फार गोड बोलत होता. "दादाजी, आपका एक शब्द इधर से उधर नहीं होगा." मामाजींनी हे वाक्य गल्लीत इतक्या वेळा सांगितलं की लहान पोरं खेळताना म्हणायला लागली.

शेवटी मोबाइलवर एक फॉर्म भरायचा होता. पिंकी एकेक प्रश्न वाचत होती. एक प्रश्न असा होता: शुद्ध भाषा, हां या नहीं. पिंकी थांबली. "दादाजी, इसका क्या करूँ?"

"शुद्ध म्हंजे?" मामाजींनी मला विचारलं.

मला काय कळणार? मी म्हटलं, "तूप शुद्ध राह्यते तसं असन. मिलावट नाही."

"मंग हौ लाव. मिलावट नाईच पाह्यजे आपल्याले. हिंदी घुसवतीन नाई तं." आणि पिंकीने हां लावलं.

पुस्तक आलं त्या दिवशी मामाजींनी गल्लीत जिलेबी वाटली. ते मोबाइलवर वाचत नसत, अक्षर बारीक दिसायचं. म्हणून पिंकीला म्हणाले, "पोरीची बिदाई काढ. ते पह्यले वाच." पिंकीने पानं सरकवली आणि वाचलं, "कानून रडतं वो पोरी? मिले सांग."

मी हसले. पदर चांगला गदगदा हलला. मला वाटलं पिंकी चुकीचं वाचते आहे. तिची मराठी तशीच आहे. मग मामाजींकडे पाहिलं. ते माझ्या पदराकडे पाहत होते.

"अजून वाच," ते म्हणाले. आमचं काहून, म्हणजे का, जिथे जिथे होतं तिथे कानून झालं होतं. मलेचं मिले. तुलेचं एका ठिकाणी तुला आणि दुसरीकडे तुलना. हौ तर सगळीकडून गेलंच होतं. कंपनीच्या भाषा तपासणाऱ्या मशीनला मराठी नीट येत नव्हती, हिंदी येत होती, आणि बालाघाटचा पत्ता पाहून तिने सगळं हिंदीकडे ओढून शुद्ध केलं होतं. आत्याबाईंच्या तोंडी वकिलासारखा कानून आला होता.

मग फोन सुरू झाले. तो गोड बोलणारा माणूस परत कधी सापडला नाही. प्रत्येक वेळी वेगळी मुलगी यायची. एक म्हणाली, "सर, आपका टिकट बन गया है."

"तिकीट? मी कुठी जाऊन राह्यलो वो बाई?"

पुढच्या वेळी दुसरी म्हणाली, टिकट, म्हणजे तक्रारीचा नंबर, बंद झालं. "बंद काहून झालं? गाडी तं आलीच नाही," मामाजी म्हणाले. आम्ही हसलो, ते हसले नाहीत. तिसरीने आमचा फॉर्म काढून पाहिला. "सर, शुद्ध भाषा तो आपने ही चुनी थी."

मामाजींनी फोन हळूच खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी म्हटलं, "मीच सांगतलं तुमाले, तुपाचं." तर म्हणाले, "तू बरोबरच सांगतलं. शुद्धचा अर्थ तोच हाये. त्यायले ठाव नाही."

त्यानंतर ते फक्त एकच मागत राहिले. दुरुस्त करा, नाही तर काढून टाका. कंपनी म्हणायची, दुरुस्तीचे पैसे वेगळे. ते द्यायला तयार झाले, तर उत्तर नाही. काढा म्हटलं, तर आमच्या दुकानातून काढतो, बाकीच्या दुकानांचं आमच्या हातात नाही. पोचवायचं होतं तेव्हा सगळी दुकानं त्यांच्या हातात होती. कुणीतरी पुस्तकाखाली मराठीतच लिहिलं होतं, लेखकाला स्वतःचीच भाषा येत नाही. पिंकी ते लपवणार होती, पण त्यांनी वाचायला लावलं. दोनदा.

नळावरचं बोलणं बंद झालं. त्या साली मंडईत म्हातारी आली नाही. एका फोनवर मात्र मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं. समोरची मुलगी पैशांचं काही सांगत होती. "पैसे राहू द्या वो बाई तुमच्यापाशीच. माह्यं काहून वापस द्या." त्या मुलीला ते कळलं नसणार. तिने हिंदीत विचारलं, "सर, क्या वापस?"

आणि एका दुपारी पिंकी मोबाइल घेऊन धावत त्यांच्या अंगणात आली. मी तिथे पापड वाळत घालत होते. तिने मेसेज वाचला. पूर्ण रक्कम खात्यात परत केली आहे, तुमच्या तक्रारीचं समाधान झालं आहे.

"आन किताब?" मामाजींनी विचारलं.

पिंकीने दुकानं उघडून पाहिली. एकातून गेलं होतं. बाकी सगळ्यांत होतं. वर त्यांचं नाव, आत कानून.

माझे डोळे भरून आले आणि मी पदर तोंडाला लावला. तो हलला असावा, कारण मामाजी उठले. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी डोक्यावर घेतला, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि कितीतरी दिवसांनी आत्याबाईंच्या आवाजात म्हणाले, "काहून रडतं वो पोरी? मले सांग."

मी काय सांगणार होते? "काही नाही, मामाजी," मी म्हटलं. "पैसे पूर्ण आले."