पिठातलं चक्र

माझी बायको मेल्यावर तिसऱ्या दिवशी चाय प्याली, असं सोनाळ्यात अजून बोलतात. ही गोष्ट मी पसरवली नाई, पण खोडलीही नाई.

आमच्याकडे माणूस गेलं की दुसऱ्या रात्री, त्यानं जीव सोडला तिथं पीठ पसरतात, दिवा लावतात, वरून टोपलं झाकतात. सकाळी पिठात जे पाऊल दिसन, तो त्याचा पुढचा जन्म. मी चौथी नापास, पण मले हे कधी पटलं नाई. कमल गेली तवा मात्र डोक्यात एकच होतं: ही गेली कुठं? लय दूर त नाई गेली?

तिले उठल्या उठल्या चाय लागे, अन् ती मीच करत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळीही हातानं आपोआप केली, काठोकाठ. मग ध्यानात आलं, पिणारीच नाई. टोपलं उचललं, कप पिठावर ठेवला. म्हटलं, घे. तेवढ्यात माझी साळी, कमलची बहीण शांता, उठल्याचा आवाज आला. कप खाटेखाली सरकवला, टोपलं झाकलं. (सत्तरीचा माणूस, चोरावानी.)

शांतानं टोपलं काढलं अन् हातच जोडले. "भाऊजी, चक्र उमटलं! बाई वैकुंठाले गेली."

"चक्र नाई मावशी, चंद्र हाय," माझा पोरगा म्हणे. "आई चतुर्थी धरे न."

"चंद्रावर कोणी जाते काय बे?" शांता म्हणे.

गल्ली जमली. कोणाले बैलबंडीचं चाक दिसलं, कोणाले भाकर. पोरानं मोबाईलवर फोटो धाडला, त नांदुऱ्याच्या व्याह्याले त्यात कमलचा चेहराच दिसला, कुंकवासकट.

"ज्याले जे पाह्यजे ते दिसून राह्यलं तुमाले," मी म्हटलं. खाटेखालून कप काढला, सगळी हकीकत सांगितली अन् कप त्या गोलावर टेकवला. बरोब्बर बसला. "हे घ्या तुमचं वैकुंठ."

लग्नापासून पहिल्यांदा शांता माझ्यापुढं गप झाली. माझी छाती अशी फुगली म्हणता.

मग तिनं कपात डोकावलं. "काठोकाठ भरला होता न, भाऊजी? हा त अर्धाच हाय."

मी पाह्यलं. अर्धाच. कमल रोज अर्धी चाय पिऊन उरलेली माझ्याकडं सरकवे.

"मामाजी," सून हळूच म्हणे, "कपाले चीर हाय. खाटेखाली ओलं झालं पहा."

"तू चूप बस," मी म्हटलं. कप उचलला अन् साऱ्या गल्लीसमोर पिऊन टाकला.

"थंडी झाली असन," शांता म्हणे.

"गरम हाय," मी ठणकावलं.

(पार गारढोण होती.)