चिपाडाची वाटी आणि तांबडा रस्सा

मंडळी, आज माझी चांगलीच जिरली.

कागलला आमचं छोटं युनिट हाय. उसाच्या चिपाडापासून ताट-वाट्या बनवतो. सकाळी जावळाच्या जेवणासाठी वाट्यांची ऑर्डर मिळावी म्हणून एका आचारी मावशींकडं गेलतो. वाटीत उकळतं पाणी ओतून दाखवलं. थेंबही गळला न्हाय.

मावशी म्हणाल्या, "पावणं, जावळाला पाणी वाढायचं हाय व्हय?"

त्यांनी वाटी पेपरवर ठेवली आणि पातेल्यातल्या तांबड्या रश्श्यावरचा तेलाचा कट तिच्यात ओतला. दहा मिनिटांत वाटीखालचा पेपर तेलानं लाल झाला.

"तुम्ही तरी जेवलाय काय ह्यात कधी?"

न्हाय. वर्षभर पाण्यानंच चाचणी घेतली. आणि वाट्यांच्या मशिनशेजारीच बसून रोज रस्सा खाल्ला, घरच्या स्टीलच्या डब्यातनं.

तुम्ही जे विकता, ते घरी वापरता का?