चैत्र धारला, भाद्रपद देवासला

बारा वर्षं दर चैत्रात माझा नवरा धारला असायचा, त्याच्या बहिणीकडे. भाद्रपदात देवासला, माझ्याकडे. या वाटणीचा मला इतका हेवा वाटे की वन्संचा फोन आला तरी कपाळाला आठी पडायची.

यांना बायपोलर आहे. फाल्गुनात उन्हं लांबली की हे उजळायचे. पहाटे उठून शीळ घालायचे, चार कामं एकदम काढायचे, आणि पाडव्याची गुढी उतरली की बॅग भरून धार गाठायचे. वन्संकडे चैत्रगौर बसते, तिची आरास करायला. मग फोटो यायचे: पुठ्ठ्याचा किल्ला, टरबुजाची कमळं, आणि कैरीच्या डाळीचं पातेलं हातात घेऊन खदखदून हसणारे हे.

"अगं, इकडे एकदम ठीक आहे तो. तू टेन्शन मत ले. धारचं पाणी मानवतं त्याला," वन्सं म्हणायच्या.

म्हणजे देवासचं मानवत नाही. म्हणजे मी मानवत नाही, असंच मला ऐकू यायचं.

आठवड्याभरात दुसरा फोन यायचा: झोपत नाही, सगळ्यांशी भांडतो, येऊन घेऊन जा. मग इंदूरचे डॉक्टर, वाढवलेल्या गोळ्या, आणि पाठोपाठ पावसाळा. देवासच्या टेकडीवर ढग उतरले की हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. शेजारीपाजारी मांडूची हिरवळ बघायला निघायचे, आणि मी यांना आंघोळीसाठी विनवत बसायची. "उद्या," एवढंच म्हणायचे. त्या पडलेल्या माणसाचं मी सगळं केलं, मनापासून केलं. पण हसणारा बहिणीला आणि पडलेला बायकोला, हा कुठला न्याय?

डॉक्टरांनी मला कॅलेंडरवर यांची रोजची झोप लिहायला सांगितली होती. वर्षभराची पानं चाळून ते म्हणाले, "यांच्या बाबतीत गावाचा नाही, ऋतूचा प्रश्न आहे. दिवस मोठा होतो तशी झोप घटते. धारला जातात तेव्हा आजार चढायला लागलेलाच असतो. यंदा चैत्रात घरी ठेवा. झोप पाच तासांच्या खाली गेली की त्याच दिवशी मला फोन करा."

मला काय आनंद झाला! धारच्या पाण्यात काही नव्हतं तर. यंदा गौर मी बसवली.

हळदीकुंकू शुक्रवारी होतं. बुधवारी सकाळी उठले तर हे स्वयंपाकघरात फतकल मारून टरबूज कोरत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "किती वर्षांत तुला नीट बघितलंच नाही गं." मी तिथेच खाली बसले. हे चार तास झोपले होते. कॅलेंडरच्या चौकटीत मी सहा लिहिलं. गुरुवारी तीन तास झोपले. पुन्हा सहाच लिहिलं. मी काय करतेय हे मला पक्कं ठाऊक होतं. शुक्रवारपर्यंत थांबू, म्हटलं. एकदा माझ्याही घरी हसू दे यांना.

शुक्रवारी बायका पन्हं पीत असताना किल्ल्याचा एक बुरूज कलला, आणि यांनी सगळी आरास लाथेनं उधळली. कोरायची सुरी हातात होतीच. हे तोल सावरायला गेले तर ती यांच्याच तळहातात खोल गेली. टाके घालून यांना इंदूरला दवाखान्यात ठेवावं लागलं.

वन्सं धावत आल्या. व्हरांड्यातल्या बाकावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं, दोन्ही खोटे आकडेसुद्धा. आता तोंडात मारतील, असं वाटलं. त्यांनी पदराचं टोक पिळलं.

"मलाही कळायचं गं," त्या म्हणाल्या. "दर साल मी दोन दिवस उशिराच फोन करायचे तुला. हळदीकुंकू होईपर्यंत."

त्या रडायला लागल्या. मी त्यांना धरून रडायला हवं होतं. पण मी मनात मोजत होते. बारा चैत्र, दर चैत्राचे दोन दिवस. त्यांना चोवीस मिळाले होते, आणि मला दोनच.