चौथा ठिपका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही म्हणतात! तुम्ही अमरावतीचे नसाल तर बरंच. इथं गोष्ट चौकात पोचायला वेळ लागत नाही.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. वंदना माझी पीएचडीची विद्यार्थिनी. मूळची पातूरची, अकोल्याहून बसनं यायची. दूर कुठेतरी दोन मेलेले तारे आदळले की गुरुत्वीय लहर उठते. ती पकडली गेली की त्या दिशेला नवा उजेड शोधायचा आणि त्याचा वर्णपट घ्यायचा — म्हणजे रंग फोडून बघायचं, हा त्याच धडकेचा की भलत्याच कशाचा. त्या वेळी नवे ठिपके सापडले चार, आणि आम्हाला मिळालेला दुर्बिणीचा वेळ थोडका. चौथा सगळ्यात मंद. वंदना म्हणे, तोच आधी घ्या सर, तो विझून राहिला. तिचा सगळा प्रबंध त्याच्यावर अवलंबून होता.

आणि मला काय दिसत होतं? तिचा फोन. दोन दिवस ती व्हरांड्यात जाऊन पुण्याच्या कुणाशी तरी बोलायची, मी दिसलो की आवाज खाली. पुण्याचे लोक! त्यांच्याकडे मोठी दुर्बीण, मोठी नावं. ही पोरगी आपला ठिपका तिकडे देऊन राहिली — मी ठरवूनच टाकलं. विचारलं का तिला? नाही. विचारायला काय जीभ झडली होती माझी?

दुपारी दुर्बिणीकडे यादी पाठवायची होती, कुठला ठिपका आधी नि कुठला नंतर. मी तिचा ठिपका शेवटी टाकला — मुद्दाम. वेळ तिसऱ्यावरच संपला. ते तिन्ही निघाले साधे स्फोट, लहरीशी संबंध नसलेले. सकाळी मी तिला सांगितलं, ढग आले. कुठले ढग? आकाश लख्ख होतं. दुर्बिणीचा अहवाल फक्त माझ्या मेलवर आला होता, तो मी पुसून टाकला.

ती उलट मलाच समजावायला लागली. "जाऊ द्या सर, आभायापुढं कोनाचं चालते? तुमी मनाले लावून घेऊ नका."

दोन दिवसांत ठिपका विझला. अशा धडकेचा उजेड असाच भराभर विझतो. तोच होता का? आता कुणालाच कळायचं नाही. तिनं प्रबंध सोडला आणि अकोल्यात शाळेत नोकरी धरली.

पुण्याचा तो माणूस पुढं मला एका परिषदेत भेटला. वंदना त्याच्याकडून वर्णपट साफ करायची रीत शिकत होती म्हणे. मला ती येत नव्हती, आणि ते मला तोंडावर सांगणं तिच्या जिवावर आलं होतं. मी चहा तसाच ठेवून बाहेर आलो.

गेल्या वर्षी तिनं मला शाळेत पाहुणा म्हणून बोलावलं. व्यासपीठावरून मुलींना तोच किस्सा सांगितला — ढग आले, तरी आमचे सर शेवटपर्यंत वाट बघत बसले, धीर म्हणजे काय ते मी त्यांच्याकडून शिकले. मी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होतो. टोमणा तर नाही? नव्हता. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मी उभा राहिलो आणि हात जोडले.