लगाम सोडलेला घोडा

अर्धांगाच्या झटक्यानं पेंटरकाकांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा सगळी गल्ली हळहळली. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवलेला हात हो तो! पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा. आणि काकांचा तोरा तरी काय कमी? दुसऱ्या कुणाची पाटी दिसली की, "अक्षरं आहेत की मुंग्या?" म्हणून नाक मुरडायचे. पाय सुधारले, काठी टेकत चालू लागले, पण ब्रशकडे बघेनात. नुसते खिडकीशी बसून राहायचे.

मुलगी शाळेचं वाचनालय सांभाळायची. संध्याकाळी घरी आली की ती त्यांना मध्ययुगीन युरोपातल्या दंतकथा वाचून दाखवी. चिलखत चढवून, येशूचा पवित्र प्याला शोधत रानोमाळ हिंडणारे ते घोडेस्वार! काका वैतागायचे. "वर्षानुवर्षं भटकतोय मेला. कुणाला रस्ता विचारायला काय जातं त्याच्या बापाचं?" पण तिला यायला उशीर झाला की हेच दाराशी येरझाऱ्या घालणार.

एक दिवस मुलगी म्हणाली, "बाबा, वाचनालयाची भिंत तुम्ही रंगवायची. मी मुख्याध्यापिकाबाईंना शब्द देऊन बसलेय."

"डाव्या हातानं? हसं करायचंय माझं?"

"झालं तर झालं," काकू आतून कडाडल्या. "घरात बसून माझं डोकं खाता, त्यापेक्षा बरं!"

सुट्टीच्या दिवशी काका भिंतीसमोर स्टूल टाकून बसले. डावा हात थरथरला, रेघ वाकडी गेली. फडक्यानं पुसली. पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. दुपार झाली तरी भिंत कोरीच. शेवटी त्यांनी ब्रश डब्यात आपटला. "संपलं सगळं. घरी चल."

मुलीनं समजूत घातली नाही. काल राहिलेली गोष्ट उघडली आणि वाचायला लागली. जंगलात वाटच संपते. स्वार लगाम घोड्याच्या मानेवर टाकतो आणि म्हणतो, ने बाबा तुला हवं तिकडे. घोडा काट्याकुट्यांतून, शहाणा माणूस जाणार नाही अशा ओढ्यांतून जातो आणि थेट किल्ल्याच्या दाराशी उभा राहतो.

"परत वाच," काका म्हणाले.

तिनं वाचलं. काकांनी ब्रश उचलला आणि फडकं तिच्या हातात कोंबलं. "लपव हे. मी मागितलं तरी द्यायचं नाही."

मग काय विचारता! हात थरथरला तशी झाडं वाऱ्यानं हलायला लागली, घोड्याची आयाळ उडायला लागली. काका मोठ्यानं हसले. "अगं, हा पळतोय! माझ्या पाट्यांवर आजवर काही हललं नव्हतं गं." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं त्यांना. लोकांची नावं रंगवण्यात जन्म गेला, हे मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

भिंत पुरी झाली त्या दिवशी काकू बघायला आल्या. अगदी भिंतीजवळ जाऊन त्यांनी स्वारावर बोट ठेवलं.

"या स्वाराचा उजवा हात असा लोंबतोय का हो?"

"लुळा पडलाय."

"अगंबाई! मग?"

काकांनी ब्रशानं किल्ल्याचं उघडं दार दाखवलं.

"मग काय? पोहोचला की!"