साहेबी इंग्रजीत घर मागितलं, त्याची गोष्ट

हे ऐकण्याआधी हातातला चहा खाली ठेवा. मागे एकाला ठसका लागला होता!

आयर्लंडमधल्या ट्रली गावच्या हॉस्पिटलात मला नोकरी लागली, पण घर मिळेना. तीन आठवडे एका खोलीत मी, बायको मृणाल आणि सहा बॅगा. मृणालचा पारा रोज चढत होता. मी निदान केलं, आपले पुणेरी उच्चार आड येतायत! म्हटलं, आता अस्सल साहेबी इंग्रजी काढायचं. शाळेत वक्तृत्वाचे तीन कप काय उगाच मिळाले?

नोरा नावाच्या बाईंच्या घराची जाहिरात दिसली. गालात पेढा धरल्यासारखा आवाज काढून मी फोनवर म्हटलं, "मॅडम, आपलं निवासस्थान पाहण्याचा मान मिळेल का?"

"गेलं!" फोन बंद.

दुसऱ्या दिवशी जाहिरात तशीच! मला वाटलं, साहेबीपणा कमी पडला. आणखी एक पेढा. "गेलं म्हटलं ना!" तिसऱ्यांदा तर बाई जे बोलल्या ते इथे सांगण्यासारखं नाही.

"दे इकडे!" मृणालने फोन हिसकावला आणि सरळ विचारलं, "हाऊस इज देअर ऑर नॉट?"

"आहे की! चहालाच या, ग्रँड!"

गेलो. घर झकास, बाई प्रेमळ. चहा ओतत म्हणाल्या, "एक इंग्रज लाटसाहेब तीनदा फोन करत होता! आमच्या पणजोबांना घराबाहेर काढणारा इंग्रज जमीनदार असाच बोलायचा म्हणे. त्याला मी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा देणार नाही."

आता बोला! म्हणजे तुम्ही बोला, मी कसा बोलणार? उच्चार बदलले तरी आवाज तोच ना! मी नुसती मान डोलवत राहिलो.

"युअर मॅन बोलत नाही का गं?"

"घसा बसलाय," मृणाल म्हणाली. खोटं बोलताना ही बाई पापणी हलवत नाही.

"अरेरे! करतो काय?"

"डॉक्टर आहे."

"वा! कसला?"

मृणाल पहिल्यांदाच अडखळली. मी कपात डोकं घातलं.

"घशाचा."

नोराबाईंनी माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. घर मिळालं हो! किल्लीबरोबर मधाची बाटली दिली, आणि दुसऱ्या एका चांगल्या डॉक्टरचा पत्ता.