पाचव्या घरचा जोगवा

गेल्या काही वर्षांत मी एसटीनं जेवढी फिरले, तेवढा सूर्यसुद्धा फिरला नसेल. तो बिचारा पूर्वेकडून पश्चिमेला जातो आणि घरी झोपतो. मी उमरग्याहून पुण्याला थोरल्याकडं, पुण्याहून लातूरला धाकट्याकडं, तिथून धाराशिवला लेकीकडं, आणि घरी यावं तर दारातच ह्यांचा प्रश्न, “आलीस? भाकरी टाक.” कुणाचं बाळंतपण, कुणाची वास्तुशांत, कुणाची बदली. लेकरांचं काही नवं सुरू झालं की पहिला फोन मला. मीही फुशारक्या मारायची. बारा गावांत सांगत फिरायची की माझ्या कमरेला लोखंडाची कांब आहे, दोन नातवंडं काखेत आणि एक डोक्यावर घेऊन मी बालाघाट चढेन. लोक हसायचे आणि खरंही मानायचे. खरं मानतात हीच पंचाईत असते.

ह्या वेळी लेकीला धाराशिवच्या कोर्टात नोकरी लागली होती. लग्नाआधीपासून परीक्षा देत होती, आता काखेत लेकरू असताना पदरात पडली. सोमवारी हजर व्हायचं. जावई फिरतीच्या कामावर, म्हणजे तिच्या पोराला, दादूला, दिवसभर सांभाळायला मीच. त्यात विचारायचं काय? पण मागच्या खेपेला एक गोष्ट घडली होती आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. ओट्याजवळ दादूला कडेवर घेऊन उभी होते आणि डावा हात एकाएकी बधिर झाला. माझा हात माझा राहिला नाही. पोर घसरत घसरत माझ्या गुडघ्यावर आलं, मी कशीतरी खाली बसले. दादूला वाटलं आजी खेळतेय, खदखदा हसला. मी मात्र त्या रात्री झोपले नाही. डॉक्टर म्हणाले मानेची शीर दबलीय, वजन उचलू नका. ही गोष्ट लेकीला सांगावी तर ती त्याच पावली नोकरी सोडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. न सांगावी तर? न सांगावी तर काय, ते डोळ्यांपुढं यायचं आणि मी पटकन दुसरं काहीतरी काम काढायची.

तिची सासू, म्हणजे माझ्या विहीणबाई, धाराशिवातच थोरल्या लेकाकडं राहतात. धडधाकट बाई. पण मुलीच्या आईनं विहिणीपुढं पदर पसरायचा नाही, असं आमच्यात मानतात. आणि त्यांचाही बाणा असा की बोलावल्याशिवाय सुनेच्या संसारात पाऊल टाकायचं नाही. दोघी आपापल्या गढीवर बसलेल्या.

निघायचा दिवस शुक्रवार. सासूबाई गेल्यापासून तुळजाभवानी आईची परडी माझ्याकडं आहे. वेताची लहानशी टोपली, गळ्यात कवड्यांची माळ. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच घरांपुढं उभं राहून तिच्या नावानं पीठ मागायचं आणि दिवेलागणीनंतर त्याची भाकरी करून खायची. घरात ज्वारीची पोती असली तरी मागायचं. का, ते मला कधी कळलं नव्हतं. सासूबाईंनी केलं म्हणून मी करत होते. खरं सांगायचं तर त्या सकाळी परडी पिशवीत ठेवताना मी आईवर रुसले होते. म्हटलं, एवढी वर्षं तुझ्या नावानं दारोदार उभी राहिले, आणि हात गेला तो नेमका नातू सांभाळायच्या वेळी. आजचा शेवटचा जोगवा. पुढं मला जमायचं नाही.

बस अशी खिळखिळी होती की ड्रायव्हर पुढं आणि चाकं मागून येताहेत असं वाटावं. नळदुर्गाच्या अलीकडं तिनं एक उसासा सोडला आणि रस्त्याकडेला बसली, माझ्यासारखीच. धूर निघाला. कंडक्टर म्हणाला, “मावशी, तासभर तरी लागंल बघा.” ऊन उतरायला लागलं होतं. धाराशिवला पोचून पाच घरं मागायला वेळ मिळेल याची खात्री नव्हती. रस्त्यापलीकडं घरं दिसली. कवड्यांची माळ गळ्यात घातली, परडी काढली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी लंगडत निघाले.

परक्या गावात जोगवा मागणं मला नवं होतं. आपल्या गल्लीत बायका आधीच पीठ काढून ठेवतात, इथं मी कोण हेच कुणाला माहीत नाही. तरी तिघींनी काही न विचारता वाढलं. चौथ्या दारात एक बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं पीठ आणलं, कुंकू लावलं, आणि माझ्या पायांकडं बघून म्हणाली, “बसा की जरा. पाय किती सुजलेत.”

“जोगव्याला आलेलीनं बसू नये, बाई.”

“आईला मी सांगते. बसा.” तिनं मला उंबऱ्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. मग विचारलं, “तुमास्नी कुनी न्हाय व्हय?”

मला हसू आलं. “हायत की! घर भरून हायत.”

“मग त्यांना ठाव हाय का, तुमी किती दमलाव ते?”

मी तोंड उघडलं. मी तोंड उघडलं की गोष्ट बाहेर पडते, हा माझा लौकिक. त्या दिवशी काहीच बाहेर पडलं नाही. आणि तेवढ्यात रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. तासभर लागणार होता, अर्ध्यातच गाडी सुरू झाली. कंडक्टर हातवारे करून बोलवत होता. पाचवं घर राहून गेलं.

तुळजापूर आलं तेव्हा वाटलं, इथं उतरून मागावं. पण बस दोन मिनिटं थांबणार, आणि आईच्या गावात आईचाच जोगवा मागायचा, म्हणजे तिच्याच चुलीवरची भाकरी तिलाच वाढण्यासारखं. खिडकीतूनच हात जोडले. रुसवा अजून होताच, पण पहिल्यासारखा धारदार राहिला नव्हता. त्या शेंगावाल्या बाईचा प्रश्न सोबत बसून आला होता, तिकीट न काढता.

धाराशिवला उतरले तेव्हा सूर्य घराआड गेला होता. रिक्षा केली. नेहमीचा रस्ता खोदलेला होता म्हणून रिक्षावाल्यानं आतल्या गल्लीत घातली, आणि तिथं कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर आडवा. रिक्षा थांबली. मी मान वर केली तर समोर विहीणबाईंचं दार. मी खोटं बोलत नाही. बाकी वेळी बोलत असेन, पण इथं नाही.

दिवेलागणीला थोडाच अवकाश होता आणि पाचवं घर समोर होतं. उतरले. दारासमोर उभी राहिले आणि आवाज दिला, “आई राजा उदो उदो! जोगवा वाढा माय.”

आतून आवाज आला, “थांबा, आणते.” आणि विहीणबाई हळदकुंकू आणि वाटीभर पीठ घेऊन बाहेर आल्या. मला बघून वाटी हातातच राहिली.

“तुम्ही?”

“आज विहीण म्हणून न्हाय आले,” मी म्हटलं. “पाचवं घर राहिलंय.”

त्यांनी परडीला हळदकुंकू लावलं, पीठ ओतलं, मला वाकून नमस्कार केला. विहिणीनं केलेला नमस्कार! मग सरळ होत विचारलं, “एवढंच?”

त्यांनी ते सहज विचारलं असेल. पण माझ्या हातात परडी होती, आणि परडी हातात असताना मागायची लाज बाळगायची नसते. मी सगळं सांगितलं. हात, ओटा, दादूचं हसणं, सोमवार. एकही शब्द न फुगवता. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात छोटी गोष्ट असेल.

विहीणबाईंनी रिकामी वाटी उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाल्या, “आजवर तोंडानं डोंगर उचलत आलाव, अन् आता लेकरू उचलंना व्हय?” मी हसले, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लागला. त्यांनी माझा डावा हात आपल्या हातात घेतला आणि चोळत म्हणाल्या, “मी वाटच बघत होते, कुनीतरी बोलवंल म्हणून. नातू आमचा बी हाय. सोमवारी सकाळी येते. उचलायचं काम माझं, गोष्टी सांगायचं तुमचं. पण चहा मी करणार. तुमचा चहा म्हंजे काढा.”

मागं रिक्षावाला ओरडत होता की ट्रॅक्टर कधीच गेला.

त्या रात्री लेकीच्या घरी पाच घरच्या पिठाची भाकरी केली. कुठलं ज्वारीचं, कुठलं बाजरीचं, कुठलं गव्हाचं. भाकरी थापताना डावा हात साथ देत नव्हता, काठाला चिरा पडल्या. लेकीनं विचारलं तेव्हा तिलाही हाताचं सांगितलं, आणि पाठोपाठ सोमवारची व्यवस्थाही. ती रडली, चिडली, मग तिनं राहिलेल्या भाकऱ्या स्वतः थापल्या.

कंडक्टर म्हणाला होता, पट्टा तुटला म्हणून गाडी बसली. असेल. रस्ता नगरपालिकेनं खोदला होता. तेही खरं. मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं की भरल्या घरच्या बाईला आईनं दारोदार का उभं केलं. मागायची सवय मोडू नये म्हणून. पीठ मागता मागता मी एवढी वर्षं घालवली आणि जे मागायला हवं होतं ते पदराखाली झाकून फिरले. परडी मी सोडली नाही. दमणं काही संपलेलं नाही, गुडघे अजून बोलतात, हात तसाच आहे. पण आता मी धाराशिवातच असते, आणि शुक्रवारी पहिलं घर विहीणबाईंचं असतं; त्या दिवशी त्या दादूला आपल्याकडं नेतात. मी दारात उभी राहते, त्या पीठ घालतात, आणि दादू त्यांच्या कडेवरून वाकून माझ्या परडीत मूठ घालतो. निम्मं पीठ खाली सांडतं. जेवढं उरतं, तेवढं मी घेते.